एलियाची प्रार्थना आणि दानियेलचा बंगला

ख्रिस्ती मंडळीत कुणाचा साखरपुडा असो, कुणी नवी म्हैस आणलेली असो, नाहीतर कुणाचं पोरगं दहावीला बसणार असो, एलिया त्रिभुवनला बोलावणं गेल्याशिवाय कामाला सुरुवात होत नसे. बाहेरच्या गल्लीत लोक नारळ फोडत, मिशनच्या कंपाउंडात लोक एलियाला उभं करत. तो उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि मग ऐकत राहावं. त्यानं म्हशीसाठी प्रार्थना केली की ती म्हैससुद्धा दोन दिवस लाथ मारत नसे म्हणतात. तिसऱ्या दिवशी मारायची, तो भाग वेगळा.

गंमत अशी, की एरवी हा माणूस बोलायच्या नावानं शून्य. रेशनच्या दुकानात "साखर आली का" एवढं विचारायचं तर त्याला घाम फुटायचा. कंडक्टरनं सुटे परत दिले नाहीत तर हा मुकाट्यानं उतरून चालू लागायचा. बायको सारजाबाई म्हणायची, "सगळं बोलणं देवापाशी खर्चून येतेत. घरी आणायला काय उरतंय?" पण डोळे मिटले की ह्याच माणसाच्या गळ्यातून असा आवाज यायचा, की पेटी वाजवणारा पेटी बंद करून हात जोडायचा. नुसती प्रार्थना ऐकायला म्हणून पलीकडच्या मोहल्ल्यातला करीम सायकलवाला देवळाच्या खिडकीशी उभा राहायचा. "क्या गला दिया रे इसकू," म्हणायचा, "अज़ान देता तो पूरा औरंगाबाद जागता."

ही कला त्याला द्वारकाबाईनं शिकवलेली. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या धामधुमीत एलियाचा बाप कडूबा दौलताबादकडचं गाव सोडून बायकापोरांसकट मिशनच्या आसऱ्याला आला आणि तिथंच राहिला. द्वारकाबाई तेव्हा तरणीताठी विधवा, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायची, रविवारी पोरांना धडे द्यायची. तोतरं बोलणाऱ्या ह्या पोराला तिनं चिंचेखाली बसवलं आणि सांगितलं, "डोळे मिट. आता इथं तू आन् देव. देवाशी बोलताना शेजारी बघायचं नाय." पोरानं डोळे मिटले आणि जीभ सुटली. त्या दिवसापासून एलियाकडं मोलाची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती ही. ती चोराला नेता येत नाही असं त्याला वाटायचं.

आता चोराकडं वळू.

दानियेल निकाळजे हा मिशनच्या कोठाराचा कारकून. एलियाहून बराच लहान. तोंड गोड, केस मागं वळवलेले, अंगाला अत्तराचा वास. कुणाच्या मयताला सगळ्यात आधी हजर, आणि खांदा द्यायला सगळ्यात पुढं. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून दुधाची भुकटी आली, गोणीच्या गोणी, खडी फोडणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी. कोठाराची किल्ली दानियेलकडं. लेकरांना दूध मिळालंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मिळालं, पण त्यात विहिरीचा वाटा जास्त होता. त्या साली गावात गुरं चाऱ्यावाचून उभ्या जागी पडत होती, आणि शहागंजातल्या एका हलवायाकडं पेढे मात्र स्वस्त झाले होते. हे सगळ्यांना कळत होतं. पेढेही सगळ्यांनीच खाल्ले.

एलियानं खाल्ले नाहीत. तो त्याच मिशनच्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम करी. सारजाबाईचा कान ठणकत होता तेव्हा तिनं कापसाचं एवढंसं बोंड मागितलं, तर "मिशनचा आहे" म्हणून ह्यानं गोधडी उसवून त्यातला कापूस काढून दिला. कान बरा झाला. गोधडीला भोक पडलं ते पडलंच.

तर त्या दुष्काळापासून एलिया वाट पाहू लागला. देव बघतोय हे त्याला ठाऊक होतं, आणि देव बघतोय म्हणजे आज ना उद्या काहीतरी करणारच. पण देवानं केलं काय, तर दानियेलला आधी स्कूटर दिली, मग मंडळीच्या पंचांत जागा दिली, मग हुशार पोरं दिली. थोरला दुबईला गेला. एलियाला मूल नव्हतं. त्याबद्दल तो देवाला कधी बोलला नाही, पण दुबईचं कळलं त्या दिवशी त्यानं चहा अर्धा टाकला.

मग जमिनीचं झालं. कंपाउंडाच्या मागच्या अंगाला विहीर होती, चिंच होती, आणि जुन्या नोकरमाणसांच्या खोल्यांची ओळ होती. त्यात एक खोली द्वारकाबाईची, एक एलियाची. मिशनची गोरी मडम मायदेशी जाताना सांगून गेली होती, की ह्या खोल्या ह्यांच्याच, मरेपर्यंत. एके रविवारी पंचांची बैठक बसली आणि दानियेलनं हाक मारली, "एलियादादा, सुरुवात तुमच्या प्रार्थनेनं होऊ द्या." एलियानं केली. चांगली लांबलचक केली. ह्या बंधूंना शहाणपण दे, ह्यांच्या हातून तुझ्या लेकरांचं भलं होऊ दे. सगळे आमेन म्हणाले. हा पंच नव्हता, म्हणून मग बाहेर चहाचं बघायला गेला. चहाचे कप आत गेले आणि तेवढ्यात मागची जमीन बाहेर गेली.

बिल्डरची माणसं आली तेव्हा पाऊस नव्हता, रडारड नव्हती, काही नव्हतं. द्वारकाबाईची पत्र्याची ट्रंक रस्त्यावर ठेवली, त्यावर ती बसली, आणि भाचा बद्रीनाथ रिक्षा घेऊन येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत राहिली. भाच्यानं तिला चिकलठाण्याला नेलं, कारखान्याच्या मागं त्याची पत्र्याची खोली होती तिथं. एलिया आणि सारजाबाई छावणी भागात भाड्यानं राहू लागले. दानियेल दोघांनाही निरोप द्यायला हजर होता. सारजाबाईची चूल त्यानं स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. दुष्ट माणसानं निदान खडूस तरी असावं, म्हणजे रागवायला बरं पडतं. ह्या माणसानं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

पुढं पाळकसाहेबांनी एका रविवारी नेमका हाच विषय घेतला. दुष्टांची भरभराट पाहून मन खट्टू करू नका, त्यांचा शेवट पाहा, त्यांचा शेवट पाहा, असं तीनतीनदा सांगितलं. पहिल्या बाकावर दानियेल मान डोलावत होता. उपासना सुटल्यावर एलिया दाराशी घुटमळला आणि उघड्या डोळ्यांनी त्यानं आयुष्यातला पहिला अवघड प्रश्न विचारला.

"साहेब, शेवट म्हंजे... साधारण कधी?"

पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा, एलिया."

"धरलाय, साहेब. बहात्तरपास्नं."

करीमला हे सांगितलं तर तो पंक्चरच्या पाण्यात ट्यूब बुडवता बुडवता हसला. "तेरा देव भोत सब्रवाला है रे एल्या. हमारे मोहल्ले में भी एक है, यतीमखाने का, अनाथ पोट्टों का पैसा खाया, फिर हज करके आया. अब हाजीसाब बोलना पडता."

"मग तू काय करतो?"

"हाजीसाब बोलता," करीम म्हणाला. "उसकी गाडी का पंक्चर निकालता, लेकिन हवा जरा कम भरता."

एलियाला हवा कमी भरण्याचीही सोय नव्हती. त्याला खरं तर काय होत होतं ते सांगायला हवं. त्याला हेवा वाटत होता. साधा, कुणालाही वाटतो तसला. दानियेलची स्कूटर, दानियेलची पोरं, दानियेलच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या, हे सगळं त्याला हवं होतं, आणि ते हवंय हे कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून तो त्या हेव्याला न्यायाचे धुतलेले कपडे घालून दर रविवारी देवळात नेऊन बसवत होता.

हे कपडे उतरले ते जालना रोडवर. दानियेलची नवी जीप चिकलठाण्यापाशी उलटली. बातमी करीमनं आणली. सारजाबाई भाकरी थापत होती. एलिया पाटावरून अर्धा उठला आणि म्हणाला, "लई लागलं का?"

सारजाबाईचे हात थांबले. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "व्हय हो," ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर उजेड आला की."

एलिया खाली बसला. करीम म्हणाला, "कुछ नई हुआ. कपडे झटकके खडा हो गया." आणि एलियाच्या तोंडावरचा उजेड गेला, तोही सारजाबाईनं पाहिला.  तव्यावरची भाकरी उलटायला ती विसरली.

पुढच्या रविवारी दानियेलनं मंडळीपुढं उभं राहून साक्ष दिली. जीप तीन कोलांट्या खाते, आणि आतला माणूस बाहेर येतो, अंगावर ओरखडा नाही! देवाचा हात नाही तर काय? बायकांनी डोळे पुसले, पेटीवाल्यानं गाणं उचललं. त्याच आठवड्यात एलिया सायकलवरून पडून मनगट मोडून घेऊन बसला होता, तेव्हा त्याला टाळ्याही धड वाजवता आल्या नाहीत. मनगटाच्या प्लास्टरसाठी दानियेलनंच आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली होती.

त्या दिवसापासून एलियाची प्रार्थना आटली. जेवणाआधी डोळे मिटावेत तर पापण्यांआड देव दिसायच्या आधी दानियेल दिसायचा, कपडे झटकत उभा. मंडळीत लोक कुजबुजू लागले, की एलियाच्या प्रार्थना हल्ली आखूड झाल्यात, पूर्वीसारखं रडायला येत नाही. एका सुनेच्या ओटीभरणाला तर त्यानं दोन वाक्यांत उरकलं, तेव्हा तिची सासू म्हणाली, "एवढी प्रार्थना तर आमचे हेही करतेत." एलियाला ते ऐकू गेलं. मनगटापेक्षा तेच जास्त दुखलं. त्याच्याजवळची ती एक वस्तू चालली होती, आणि कोण नेतंय ते त्याला दिसत होतं, आणि धरावं म्हटलं तर हात लागत नव्हता.

आणि मग पडेगावला दानियेलचा बंगला उठू लागला.

घरी "आजाऱ्याला भेटून येतो" सांगून एलिया सायकलवर टांग मारायचा आणि पडेगावला जायचा. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं, आजारी कुणी नव्हतं. असेल तर तोच. लांबून पाहायचा. आज जोतं, उद्या भिंती, परवा सज्जा. एके दिवशी त्याच्या मनात आलं, की बायबलातल्या यरीहो शहराच्या भिंती देवाच्या लोकांनी नुसत्या फेऱ्या मारून पाडल्या होत्या. हात लावला नाही, दगड मारला नाही. लहानपणी द्वारकाबाईनं ही गोष्ट खडूनं चित्र काढून शिकवली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. एलियानं सायकल वळवली आणि बंगल्याभोवती फेऱ्या मारायला लागला. खड्डे, वाळूचे ढीग, खडी, सगळ्यांतून. एक, दोन, तीन. मोडलेलं मनगट अजून ठणकत होतं. सातव्या फेरीला सज्ज्यावर उभ्या असलेल्या रामकिसन गवंड्यानं हाक मारली.

"ओ काका! काय चकरा मारायलात मघापास्नं? रिकामे असाल तर पाइप धरा की जरा. पाणी मारणारा पोट्टा पळालाय, भिंती वाळायल्यात."

नाही म्हणायला उघड्या डोळ्यांनी बोलावं लागतं. एलियानं सायकल टेकवली आणि पाइप धरला. ताज्या भिंतीला पाणी मारलं की सिमेंट पक्कं होतं, हे त्याला माहीत होतं. भिंती पडाव्यात म्हणून आलेला माणूस संध्याकाळपर्यंत भिंती भिजवत उभा राहिला. निघताना रामकिसन म्हणाला, "उद्या बी या, काका. तुमचा हात चांगलाय." आणि लबाड कशाला बोलावं, एलिया दुसऱ्या दिवशीही गेला.

बंगला पक्का झाला. फारच पक्का झाला. मग एका सकाळी छावणीतल्या गल्लीत मोटार शिरली, आणि दानियेल एलियाच्या दारात वाकून उभा राहिला, कारण दार ठेंगणं होतं.

"सलाम, एलियादादा! सलाम, वहिनी! येत्या रविवारी नवं घर देवाला समर्पण करायचंय. पाळकसाहेब आहेतच, पण प्रार्थना तुमच्या तोंडून पायजे. तुम्ही प्रार्थना केली की कामाला यश येतं, हे मी अनुभवलंय."

सारजाबाईनं कपबशी आपटून ठेवली. "अनुभवलंय तर," ती म्हणाली.

"वहिनी अजून तशाच," दानियेल मनापासून हसला, आणि बशीत ओतून चहा प्याला.

तो गेल्यावर एलियानं सायकल काढली. मग करीमच्या दुकानावर जाऊन म्हणाला, "मी बोलणारय."

"किसकू?"

"देवाला. सगळ्यांसमोर. दूध, जमीन, द्वारकाबाई, सगळं. नाव घेऊन. समोरासमोर मला येत नाय, तुला ठाऊकय. पण डोळे मिटल्यावर मला कुणाची भीती नाय."

करीमनं पान्हा खाली ठेवला. "सोच ले मियाँ. तू आँख बंद करके बोलेंगा, वो आँख बंद करके सुनेंगे."

"मग?"

"मग कुछ नई," करीम म्हणाला. "जा, बोल. मैं दुआ करता."

रविवारी पडेगावला मांडव पडला होता. फाटकाला फीत, फरशी पांढरी शुभ्र, एवढी गुळगुळीत की म्हाताऱ्या बाया एकमेकींचा हात धरून चालत होत्या. मागच्या अंगणातून बिर्याणीचा वास येत होता, त्यामुळं पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ थोडक्यात घेतला. गाणं झालं. दानियेल बायकोसह पुढं गुडघे टेकून बसला. एलिया उभा राहिला. सारजाबाई बायकांच्या रांगेतून त्याच्याकडं पाहत होती. तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं, पण तिनं पदर घट्ट धरून ठेवला होता.

एलियानं डोळे मिटले. आणि कित्येक महिन्यांनी आवाज आला. तोच जुना, पोटातून येणारा.

"हे सनातन पित्या, तू आभाळाचा तंबू ताणलास आणि आम्हाला वीतभर सावली दिलीस."

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

"दुष्काळात तू लेकरांसाठी दूध पाठवलंस. ते लेकरांच्या मुखात गेलं नाही, हे तू पाहिलंस."

"पाहिलंस, प्रभू," बायकांकडून हुंदका आला.

"ते दूध ह्या घराच्या पायात आहे."

"आमेन!"

"तुझी दासी द्वारकाबाई, जिनं आम्हा सगळ्यांना तुझं नाव घ्यायला शिकवलं, तिची खोली ह्या भिंतींत आहे. तिची ट्रंक रस्त्यावर ठेवली. ह्या तुझ्या दासानं, दानियेलनं, तिच्या डोक्यावरचं छप्पर विकलं. मी प्रार्थना करून दिली, आणि ह्यानं विकलं. प्रभू, हे घर चोरीचं आहे. हे मी तुझ्यापुढं आणि ह्या लोकांपुढं बोलतो."

"हालेलुया!" मागून दणदणीत आवाज आला, आणि पाठोपाठ सगळा मांडव म्हणाला, "हालेलुया!"

एलियानं अजूनही डोळे उघडले नाहीत. तो रडत होता. सगळेच रडत होते. त्यांना शब्द ऐकू आले नाहीत असं मुळीच नाही. एकूण एक शब्द ऐकू आला. पण प्रार्थनेत पाप येतंच. दर रविवारी सगळी मंडळी एका सुरात आपण पापी असल्याचं सांगते आणि मग घरी जाऊन मटण शिजवते. त्यांना वाटलं, काय प्रार्थना आहे! आज एलिया परत आला!

"आमेन," एलिया शेवटी म्हणाला, आणि त्यानं डोळे उघडले. त्याची अपेक्षा होती की समोर शांतता असेल. कुणी उठून गेलं असेल. कुणी दानियेलकडं बोट दाखवेल.

समोर दानियेल उठून उभा होता. त्याचा चेहरा आसवांनी भिजला होता, आणि ती आसवं खरी होती. त्यानं एलियाला मिठी मारली, अत्तराच्या वासासकट.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "दादांनी काही लपवलं नाही. मी पापी माणूस आहे. खूप चुका झाल्या माझ्या हातून. पण माझ्या प्रभूची कृपा बघा! त्यानं मला टाकलं असतं, तर जीपखालीच टाकलं असतं. त्यानं मला क्षमा केली, म्हणून तर आज हे घर दिलं!"

मांडवात टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि सारजाबाईकडं बघायचं टाळलं. पेटीवाल्यानं आनंदाचं गाणं उचललं.

एलिया तिथंच उभा होता, पाइप धरून उभा राहिला होता तसाच. आता ह्यापुढं काय बोलायचं असतं? चोरी सांगितली, ती चोरानं कबूल केली. कबुलीला टाळ्या पडल्या. क्षमेचा पुरावा म्हणून चोरीचंच घर दाखवलं, आणि ते आशीर्वादासाठी ह्याच्याच तोंडून देवापुढं गेलं. दानियेलनं त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. एलियानं पहिला घास घेतला तो रागानं. पण बिर्याणी चांगली झाली होती. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"पुढच्या महिन्यात धाकट्याच्या दुकानाचं उद्‌घाटन आहे, दादा," दानियेल निघताना म्हणाला. "प्रार्थना तुमचीच हां." आणि सारजाबाईच्या हातात भरलेला डबा ठेवला.

सारजाबाईनं तो डबा नवऱ्याकडं दिला. "मी नाय नेणार घरी," ती म्हणाली. "फेकवत बी नाय. बघा काय करायचं ते."

एलियानं सिटी बस पकडली, शहर ओलांडलं आणि चिकलठाण्याला उतरला. कारखान्याच्या मागं बद्रीनाथच्या पत्र्याच्या खोलीत द्वारकाबाई बाजेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण नाक शाबूत.

"सलाम, बाई."

"एल्या, तू व्हय? काय आणलं रं? मसाल्याचा वास येतोय. कुणाच्या घरचं?"

"दानियेलच्या. बंगल्याचं समर्पण होतं आज."

द्वारकाबाईनं नाक डब्याकडं नेलं. मग म्हणाली, "बोकडाचं का कोंबडीचं?"

"बोकडाचं."

"हं. फरशी कशीय?"

"पांढरी. पाय घसरतो."

"माझ्या खोलीत शेणानं सारवलेलं व्हतं. कधी कुणाचा पाय घसरला नाय." ती बाजेच्या कडेला सरकली. "जिना आतून का बाहेरून?"

"आतून."

"आतून!" ती म्हणाली, आणि एवढा लांब श्वास सोडला, की तो शाप होता की कौतुक, कळायला मार्ग नव्हता. "मला बोलावलं असतं तर हात लावून तरी पाह्यला असता."

एलिया तिच्या पायाशी बसला. "बाई, मी सगळं बोललो. देवापुढं. दूध, जमीन, तुमची ट्रंक. नाव घेऊन बोललो."

"मंग?"

"आमेन म्हणले सगळे."

द्वारकाबाई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तिनं पाणी मागितलं, प्याली आणि पुन्हा हसली. "आमेनच म्हणणार, बाबा. दुसरं काय येतंय त्यायला? मीच शिकवलंय." मग तिनं डोळे पुसले आणि डबा चाचपला. "चल, प्रार्थना कर. निवायलंय."

एलियानं डोळे मिटले. "प्रभू," तो म्हणाला. पापण्यांआड पांढरी फरशी आली. आतला जिना आला. फीत आली, टाळ्या आल्या, आणि भिजलेल्या चेहऱ्यानं दोन्ही हात पसरून दानियेल आला. एलियानं त्याच्या पलीकडं पाहायचा प्रयत्न केला. पलीकडंही तोच होता. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटल्याचा, आणि सायकलींचा लोंढा रस्त्यानं गेला. बाई डब्यावर हात धरून थांबली होती.

"हं?" ती म्हणाली.

"येत नाय, बाई."

"शेजारी बघायलास," तिनं न पाहताच ओळखलं. "सांगितलं व्हतं तुला. देवाशी बोलताना शेजारी बघायचं नाय."

"कुठं बघू मग?" एलिया म्हणाला. "त्यो सगळीकडंच शेजारी आहे."

द्वारकाबाईनं डब्याचं झाकण काढलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःच "आमेन" म्हणाली आणि डब्यात हात घातला. एलियाचे डोळे मिटलेलेच होते. ते उघडावेत तर प्रार्थना संपली असं होईल, आणि ती तर अजून सुरूच झाली नव्हती.

"भात चांगला झालाय," म्हातारी घास चावत म्हणाली.

तेही खरंच होतं.